अ‍ॅप अपडेट झाल्यावर जुनी डेटाबेस फाइल केव्हा आणि कशी काढावी

मोबाइल अ‍ॅप अपडेट होते तेव्हा फोनमध्ये बदलतो तो अ‍ॅपचा कोड. त्या अ‍ॅपने आजवर लिहून ठेवलेल्या फाइली जागच्या जागी राहतात. अँड्रॉइडवर अ‍ॅपच्या खासगी जागेतले ‘डेटाबेसेस’ हे फोल्डर आणि आयओएसवर ‘डॉक्युमेंट्स’ व ‘लायब्ररी’ ही फोल्डरे अपडेटनंतरही आतल्या मजकुरासह तशीच सापडतात, आणि ती तशी सापडतात म्हणूनच वापरकर्त्याला अपडेट घेताना आपल्या नोंदींची काळजी करावी लागत नाही. या सोयीची दुसरी बाजू अशी, की नव्या आवृत्तीत आपण डेटाबेसचे नाव बदलले किंवा डेटा साठवण्यासाठी वेगळी लायब्ररी (म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) वापरायला घेतली, तर जुनी फाइल बेवारस होते. तिला कोणी उघडत नाही आणि कोणी पुसतही नाही. अ‍ॅपसोबत ४० एमबीचा संदर्भ-डेटाबेस येत असेल आणि दर आवृत्तीत तो नव्या नावाने उतरत असेल, तर पाच आवृत्त्यांनंतर फोनवरची २०० एमबी जागा अडते आणि त्यातली १६० एमबी निव्वळ कचऱ्याची असते.

हा कचरा काढणे वरवर पाहता एका ओळीचे काम आहे. मात्र ती ओळ चुकीच्या क्षणी चालली, तर गेलेला मजकूर परत आणण्याचा कोणताही मार्ग बहुतेक वेळा उरत नाही. त्यामुळे या लेखात पुढे जे सांगितले आहे, ते सगळे एका आग्रहाभोवती फिरते: जुनी फाइल पुसण्याचा निर्णय ‘अपडेट झाले’ या घटनेवर बेतू नये, ‘नवी फाइल पूर्ण आहे’ या तपासून पाहिलेल्या स्थितीवर बेतावा.

फाइल कोणत्या प्रकारची आहे?

अ‍ॅपमधले सगळे डेटाबेस सारखे नसतात आणि त्यांना एकच नियम लावता येत नाही. अ‍ॅपसोबत तयार येणारा, केवळ वाचण्यासाठी असलेला डेटाबेस (शब्दकोश, पिनकोडांची यादी, प्रश्नसंच) बेधडक पुसता येतो, कारण त्याची प्रत अ‍ॅपच्या पॅकेजमध्ये असतेच. सर्व्हरवरून आणलेल्या मजकुराचा साठा, म्हणजे कॅश, तोही पुसता येतो. फार तर पुढच्या वेळी अ‍ॅपला तो पुन्हा आणावा लागेल. वापरकर्त्याने स्वतः लिहिलेल्या नोंदी ज्या फाइलमध्ये आहेत आणि ज्यांची दुसरी प्रत कुठेही नाही, ती फाइल मात्र पूर्ण स्थलांतर झाल्याखेरीज, म्हणजे सगळ्या नोंदी नव्या फाइलमध्ये उतरल्याखेरीज, हलवू नये.

खरी गफलत होते ती चौथ्या प्रकारात. नेट नसताना भरलेला अर्ज, अजून न गेलेला संदेश, सर्व्हरकडे पाठवायच्या राहिलेल्या दुरुस्त्या अशी रांग अनेक अ‍ॅपमध्ये कॅशच्याच फाइलमध्ये एका बाजूच्या तक्त्यात ठेवलेली असते. फाइलचे नाव ‘कॅश’ असते, म्हणून नव्याने आलेला प्रोग्रामर ती निर्धास्तपणे पुसतो आणि त्यासोबत ती रांगही जाते. त्यामुळे पुसण्याचा कोड लिहिण्याआधी जुन्या फाइलमधल्या प्रत्येक तक्त्याचे नाव कागदावर लिहून त्यापुढे ‘हा पुन्हा कोठून मिळेल?’ याचे उत्तर लिहावे. उत्तर न सुचणारा एक जरी तक्ता निघाला, तरी ती फाइल तिसऱ्या प्रकारातली समजावी.

याच टप्प्यावर आणखी एक प्रश्न विचारून घ्यावा: नवी फाइल खरोखर हवी आहे का? एखादा रकाना वाढवायचा, एखादा तक्ता जोडायचा किंवा इंडेक्स बदलायचा, एवढ्यासाठी फाइल बदलण्याचे कारण नाही. एसक्यूलाइट हे फोनमधल्या बहुतेक डेटाबेसांमागचे इंजिन; अँड्रॉइडच्या एसक्यूलाइट-ओपन-हेल्परमध्ये आवृत्तीचा आकडा वाढवून ‘ऑन-अपग्रेड’मध्ये बदल केले, की तेच काम जागच्या जागी होते. हा आकडा डेटाबेसच्या आतच ‘यूजर-व्हर्जन’ या खुणेत साठतो, म्हणून तो फाइलपासून कधी वेगळा पडत नाही. नवी फाइल लागते ती साधारणतः तीन प्रसंगी: तयार संदर्भ-डेटाबेस पूर्णपणे बदलतो तेव्हा, साधा डेटाबेस कूटबद्ध करायचा असतो तेव्हा, आणि साठवणुकीची लायब्ररीच बदलते तेव्हा.

अँड्रॉइडवर एसक्यूलाइटसाठीची रूम ही लायब्ररी वापरणाऱ्यांनी ‘फॉलबॅक-टू-डिस्ट्रक्टिव्ह-मायग्रेशन’ हा पर्याय या कामासाठीचा सोपा मार्ग समजू नये. स्थलांतराचा मार्ग सापडला नाही तर सगळे तक्ते टाकून नव्याने बनवायचे, असा त्याचा अर्थ आहे. कॅशसाठी तो ठीक आहे. वापरकर्त्याच्या नोंदींसाठी तो लावणे म्हणजे स्थलांतर लिहायला विसरल्याची शिक्षा वापरकर्त्याला देणे होय.

एका डेटाबेसच्या तीन फाइली

एसक्यूलाइटचा डेटाबेस ही एकच फाइल असते, असे आपण शिकतो आणि ते डेटाबेस शांतपणे बंद केलेला असेल तेव्हा खरेही असते. तो वापरात असताना, किंवा वापरात असताना अ‍ॅप मध्येच मारले गेले असेल तर, तिच्या शेजारी आणखी फाइली असतात. जुन्या पद्धतीत मुख्य नावापुढे ‘जर्नल’ जोडलेली फाइल असते. डब्ल्यूएएल (राइट-अहेड लॉग) पद्धतीत मुख्य नावापुढे ‘डब्ल्यूएएल’ आणि ‘एसएचएम’ जोडलेल्या दोन फाइली असतात. ही पद्धत एसक्यूलाइटमध्ये २०१० साली ३.७.० या आवृत्तीत आली. आयओएस ७ पासून कोअर डेटाने (ॲपलच्या साठवणुकीच्या लायब्ररीने) ती मूळ पद्धत म्हणून स्वीकारली, आणि अँड्रॉइड ९ पासून प्लॅटफॉर्मच्या साध्या एसक्यूलाइट वर्गांनीही (क्लासनीही), प्रोग्रामरने दुसरे काही सांगितले नसेल तर, तिचाच वापर सुरू केला.

याचे दोन परिणाम पुसण्याच्या कामावर थेट होतात. पहिला परिणाम कॉपी करताना दिसतो. डब्ल्यूएएल पद्धतीत नवे व्यवहार आधी त्या शेजारच्या फाइलमध्ये लिहिले जातात आणि नंतर, चेकपॉइंटच्या वेळी, मुख्य फाइलमध्ये उतरवले जातात. म्हणून केवळ मुख्य फाइलची प्रत घेऊन बाकीच्या दोन पुसल्या, तर वापरकर्त्याच्या सर्वांत ताज्या नोंदी, म्हणजे त्याला सर्वाधिक आठवणाऱ्या नोंदी, हरवतात. जुनी फाइल फाइल म्हणून उचलण्याऐवजी ती एसक्यूलाइटमधूनच उघडावी, हे उत्तम. उघडताच शिल्लक राहिलेली डब्ल्यूएएल फाइल आपोआप हिशेबात धरली जाते. फाइलच उचलायची असेल, तर आधी ‘ट्रंकेट’ प्रकारचा चेकपॉइंट चालवून, तो पूर्ण झाल्याची खात्री करून, सर्व जोडण्या बंद कराव्यात.

दुसरा परिणाम अधिक फसवा आहे. समजा, नवा तयार डेटाबेस जुन्याच नावाने, जुन्या मुख्य फाइलवर लिहिला आणि जुनी डब्ल्यूएएल फाइल शेजारी तशीच राहिली. एसक्यूलाइटच्या दृष्टीने ती डब्ल्यूएएल फाइल या मुख्य फाइलचीच आहे, कारण दोघींची सांगड केवळ नावावरून घातलेली असते. पुढच्या वेळी उघडताना जुन्या डेटाबेसची पाने नव्या डेटाबेसवर चढतात आणि ‘तक्ता सापडत नाही’ किंवा ‘डेटाबेसची फाइल बिघडली आहे’ असे संदेश येऊ लागतात. अ‍ॅसेट्समधला (पॅकेजसोबत येणाऱ्या फाइलींमधला) डेटाबेस दर अपडेटला जुन्यावर कॉपी करणारी बरीच अ‍ॅप अँड्रॉइड ९ वर याच कारणाने अडखळली, तीही वर्षानुवर्षे नीट चालणाऱ्या कोडसह. यावरचा साधा उपाय असा, की एकाच नावावर दोनदा लिहूच नये. ‘शब्दकोश-६’ नंतर ‘शब्दकोश-७’ असे नाव द्यावे, म्हणजे जुनी डब्ल्यूएएल फाइल कितीही काळ पडून राहिली तरी नव्या फाइलच्या वाट्याला जात नाही.

अपडेट झाले हे कसे ओळखावे

अँड्रॉइडवर अ‍ॅपची नवी आवृत्ती बसल्यावर ‘माय-पॅकेज-रिप्लेस्ड’ ही सूचना त्या अ‍ॅपलाच मिळते, आणि साफसफाईसाठी ती योग्य जागा आहे असे अनेकांना वाटते. माझे मत वेगळे आहे. ही सूचना एका अपडेटसाठी एकदाच येते. त्या वेळी प्रक्रिया मध्येच मारली गेली किंवा फाइल पुसली गेली नाही, तर दुसरी संधी मिळत नाही. शिवाय जुनी फाइल आणि नवा कोड समोरासमोर येण्यासाठी त्या फोनवर अपडेट व्हावेच लागते असे नाही. वापरकर्ता नवा फोन घेतो, बॅकअपमधून जुना डेटा परत येतो आणि स्टोअरमधून अ‍ॅपची सर्वांत नवी आवृत्ती उतरते. त्या फोनवर अपडेट कधी झालेच नाही, तरी जुनी फाइल तिथे आहे. अँड्रॉइड ६ पासून आलेल्या ऑटो बॅकअपमध्ये प्रत्येक अ‍ॅपसाठी २५ एमबीपर्यंतचा डेटा जातो आणि वगळल्याचे सांगितले नसेल तर डेटाबेस फाइली त्यात असतात. आयफोनच्या बॅकअपमध्येही, वगळण्याची खूण केली नसेल तर, ‘डॉक्युमेंट्स’ आणि ‘ॲप्लिकेशन सपोर्ट’मधल्या फाइली येतात.

म्हणून प्रश्न ‘अपडेट झाले का?’ असा विचारू नये. अ‍ॅप सुरू होताना ‘जुन्या नावाची फाइल आहे का?’ एवढेच पाहावे. अपडेट कसेही आलेले असो, वापरकर्त्याने मधल्या चार आवृत्त्या गाळलेल्या असोत, किंवा डेटा बॅकअपमधून आलेला असो, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक वेळी खरे मिळते. शेवटची चाललेली आवृत्ती प्रेफरन्सेसमध्ये, म्हणजे लहानसहान सेटिंग्जच्या फाइलमध्ये, लिहून तिच्यावर विसंबणेही टाळावे. प्रेफरन्सेस आणि डेटाबेस या दोन स्वतंत्र फाइली आहेत, त्या वेगवेगळ्या क्षणी डिस्कवर पोहोचतात, आणि ‘अप्लाय’ने केलेली नोंद तर मागाहून लिहिली जाते. प्रेफरन्सेस म्हणतात काम झाले, पण डेटाबेस अर्धाच आहे, अशी विसंगती तयार होण्यास एवढे अंतर पुरते.

स्थलांतराचा आणि पुसण्याचा क्रम

वापरकर्त्याच्या नोंदी असलेल्या फाइलसाठी क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा. प्रथम मोकळी जागा पाहावी. स्थलांतराच्या काळात जुनी आणि नवी अशा दोन्ही फाइली एकदम फोनवर असतात, म्हणून जुन्या फाइलच्या किमान दीडपट ते दुप्पट जागा हाताशी असावी. जागा नसेल तर जुन्या फाइलला हात न लावता वापरकर्त्याला तसे सांगावे. जागा करण्यासाठी जुनी फाइल आधी पुसावी, हा विचार कितीही घाईत मनात आणू नये.

त्यानंतर नवा डेटाबेस उघडून जुन्यातल्या सर्व नोंदी एकाच व्यवहारात, म्हणजे एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, त्यात उतरवाव्यात आणि त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये, अगदी शेवटी, ‘स्थलांतर पूर्ण’ अशी एक ओळ एका लहान तक्त्यात लिहावी. ही ओळ नव्या डेटाबेसमध्येच असावी, बाहेर कुठे नसावी. त्यामुळे नोंदी आल्या आणि खूण राहिली, किंवा खूण आली आणि नोंदी राहिल्या, असे होऊ शकत नाही. दोन्ही एकत्र येतात किंवा एकही येत नाही. अ‍ॅप पुन्हा सुरू झाल्यावर खूण नसलेली नवी फाइल दिसली, तर ती अर्धवट आहे हे निश्चित. ती निःशंकपणे पुसून काम पहिल्यापासून करावे, कारण मूळ फाइल अजून जागेवर आहे. तात्पुरत्या नावाने फाइल बनवून शेवटी तिचे नाव बदलणे हीही एक रूढ पद्धत आहे. ती वापरल्यास नाव बदलण्याआधी डेटाबेस पूर्ण बंद करून त्याची डब्ल्यूएएल फाइल शिल्लक नाही हे पाहावे लागते, म्हणून मला पहिली पद्धत अधिक निर्धोक वाटते.

खूण लिहिण्याआधी पडताळणी करावी. प्रत्येक तक्त्यातील ओळींची संख्या दोन्ही बाजूंना मोजणे ही किमान अट. त्याशिवाय सर्वांत मोठा आयडी, एखाद्या रकमेच्या रकान्याची बेरीज अशी एक-दोन मूल्येही जुळवावीत, कारण संख्या जुळूनही रकान्यांची अदलाबदल झालेली असू शकते. एसक्यूलाइटची ‘इंटिग्रिटी-चेक’ तपासणी मोठ्या फाइलवर वेळ घेते. त्याऐवजी ‘क्विक-चेक’ वापरता येते, मात्र इंडेक्समधला मजकूर तक्त्याशी जुळतो का, हे ती पाहत नाही.

आता पुसण्याची वेळ. ही वेळ त्याच क्षणी आली आहे असे मात्र समजू नये. नव्या आवृत्तीत गंभीर दोष निघाला, तर स्टोअरवर आवृत्तीचा आकडा मागे नेता येत नाही. जुनाच कोड मोठा आकडा देऊन पुन्हा प्रसिद्ध करावा लागतो. तो कोड जुन्या नावाची फाइल शोधेल. ती पुसलेली असेल, तर तो रिकामा डेटाबेस बनवेल आणि वापरकर्त्याला कोरे अ‍ॅप दिसेल. त्यामुळे स्थलांतर एका आवृत्तीत आणि पुसणे त्यापुढच्या आवृत्तीत, ही विभागणी मी पसंत करतो. मधल्या काळातली दुप्पट जागा हे त्याचे मोल आहे आणि फाइल शंभर-दोनशे एमबीची नसेल तर ते परवडते.

जुनी फाइल राखण्यात मात्र एक धोका आहे आणि तो सहसा कोणी सांगत नाही. वापरकर्त्याने लॉगआउट केले, अ‍ॅपने नवी फाइल पुसली, आणि पुढच्या वेळी सुरू होताना स्थलांतराच्या कोडला जुनी फाइल दिसली. त्याच्या दृष्टीने खूण असलेला नवा डेटाबेस नाही, म्हणजे काम बाकी आहे. तो पुन्हा स्थलांतर करतो आणि आधीच्या व्यक्तीच्या नोंदी नव्या व्यक्तीच्या पडद्यावर उभ्या राहतात. म्हणून लॉगआउट, ‘सर्व डेटा काढा’ आणि खाते बंद करणे या तिन्ही ठिकाणी जुन्या नावांच्या फाइलीही पुसल्या पाहिजेत. अशीच आणखी एक वाट अँड्रॉइडवर आहे. डेटाबेस बिघडल्याचे आढळल्यास प्लॅटफॉर्मचा मूळ त्रुटी-हाताळणारा वर्ग ती फाइल स्वतःच पुसतो. त्यानंतर जुन्या फाइलमधून पुन्हा स्थलांतर झाले, तर वापरकर्त्याला काही महिन्यांपूर्वीच्या नोंदी दिसतील. काहीच नसण्यापेक्षा हे बरे की गोंधळ वाढवणारे, हे अ‍ॅपच्या स्वरूपावर ठरते, पण ते आधी ठरवलेले असावे.

प्रत्यक्ष पुसताना

पुसण्याआधी जुन्या डेटाबेसची प्रत्येक जोडणी बंद असली पाहिजे. उघड्या फाइलवर पुसण्याची आज्ञा चालवली, तर ती अयशस्वी होत नाही आणि हीच अडचण आहे. फोल्डरमधून नाव जाते, पण जोपर्यंत कोणीतरी ती फाइल उघडी धरून आहे तोपर्यंत जागा मोकळी होत नाही, आणि त्या जोडणीतून लिहिलेले सगळे शेवटी नाहीसे होते. आयओएसच्या कन्सोलवर अशा वेळी एसक्यूलाइटकडून ‘व्हीनोड अनलिंक्ड व्हाइल इन यूज’ अशी तक्रार उमटते. ती दिसली तर दुर्लक्ष न करता कोणती जोडणी उघडी राहिली याचा शोध घ्यावा.

अँड्रॉइडवर कॉन्टेंट प्रोव्हायडर (इतरांना डेटा पुरवणारे घटक) हे ॲप्लिकेशन वर्गाच्या ‘ऑन-क्रिएट’च्या आधी सुरू होतात, हे विसरले जाते. एखाद्या प्रोव्हायडरने जुना डेटाबेस तिथेच उघडला असेल, तर ‘अ‍ॅप सुरू होताच पुसतो, तेव्हा कोणी उघडलेला नसणार’ हा समज खोटा ठरतो. अ‍ॅपची एखादी सेवा वेगळ्या प्रक्रियेत चालत असेल, तर ॲप्लिकेशन वर्गाचे ‘ऑन-क्रिएट’ प्रत्येक प्रक्रियेत एकदा चालते, म्हणून पुसण्याचे काम फक्त मुख्य प्रक्रियेत करावे.

पुसण्यासाठी फाइल वर्गाचे साधे ‘डिलीट’ वापरू नये. ते मुख्य फाइल पुसते, शेजारच्या फाइली ठेवते, आणि अपयश आले तर त्रुटी न फेकता नुसते ‘फॉल्स’ परत देते. अँड्रॉइडच्या कॉन्टेक्स्ट वर्गाची ‘डिलीट-डेटाबेस’ ही आज्ञा जर्नल, डब्ल्यूएएल आणि एसएचएम या फाइलीही सोबत काढते. तिचेही परत आलेले मूल्य पाहावे, आणि फाइल खरेच गेली का हे एकदा तपासून लॉगमध्ये नोंदवावे. फ्लटर या दोन्ही प्लॅटफॉर्मवर चालणाऱ्या साधनात एसक्यूफ्लाइट या प्लगइनची स्वतःची ‘डिलीट-डेटाबेस’ आज्ञा आहे. तीच वापरावी.

आयओएसवर फाइल मॅनेजरची ‘रिमूव्ह-आयटम’ आज्ञा दिलेल्या एकाच फाइलला लागू होते आणि फाइल नसेल तर त्रुटी फेकते. म्हणून तिन्ही नावे स्वतंत्रपणे पुसावीत आणि ‘फाइल नाही’ ही त्रुटी यश मानावी. कोअर डेटा वापरत असल्यास प्रथम कोऑर्डिनेटरमधून (डेटाबेस फाइल सांभाळणाऱ्या घटकातून) स्टोअर, म्हणजे ती डेटाबेस फाइल, काढावे, मग ‘डिस्ट्रॉय-पर्सिस्टंट-स्टोअर’ चालवावे आणि त्यानंतर उरलेल्या फाइली पुसाव्यात. मोठ्या चित्रांसारखा मजकूर ‘एक्स्टर्नल स्टोरेज’ने ठेवला असेल, तर स्टोअरच्या नावाआधी टिंब आणि शेवटी ‘सपोर्ट’ असलेले एक लपलेले फोल्डरही असते. बहुधा सर्वांत जास्त जागा त्यानेच अडवलेली असते. फाइलींचा संपूर्ण पत्ता कुठे जपून ठेवू नये, कारण अपडेटनंतर अ‍ॅपच्या कंटेनरचा पत्ता बदलू शकतो. दर वेळी फोल्डर विचारून घ्यावे आणि त्याला नाव जोडावे. डेटाबेस अ‍ॅप ग्रुपच्या सामाईक फोल्डरमध्ये असेल, तर विजेट किंवा एक्स्टेन्शन त्याच क्षणी तो वाचत नाही ना, हे पाहण्याची जबाबदारी आपली असते.

रेल्म (एसक्यूलाइटला पर्यायी डेटाबेस) वापरणाऱ्यांच्या फोल्डरमध्ये मुख्य फाइलसोबत लॉक, नोट आणि मॅनेजमेंट अशा जोडनावांचे घटक असतात. तेही पुसायच्या यादीत हवेत.

आणि यादी हा शब्द येथे अक्षरशः घ्यावा. डेटाबेसेस फोल्डरमधल्या सगळ्या फाइलींवर फेरी मारून ‘चालू नाव सोडून बाकी सर्व पुसा’ असा कोड मी एकदा लिहिला होता. तीन ओळींचा, देखणा. त्या फोल्डरमध्ये आपल्या अ‍ॅपखेरीज इतर लायब्ऱ्याही आपापले डेटाबेस ठेवतात, ही गोष्ट वापरकर्त्यांच्या ठरवून ठेवलेल्या सूचना येईनाशा झाल्यावर माझ्या लक्षात आली. रिअ‍ॅक्ट नेटिव्हचे असिंक-स्टोरेज अँड्रॉइडवर ‘आरके-स्टोरेज’ नावाने याच फोल्डरमध्ये राहत आले आहे, आणि मोजमाप करणाऱ्या लायब्ऱ्याही येथे घर करतात. म्हणून आपण स्वतः कधी काळी दिलेली नावे एका स्थिर यादीत लिहावीत आणि केवळ तीच पुसावीत.

कूटबद्ध करताना मात्र थांबू नये

पुढच्या आवृत्तीपर्यंत जुनी फाइल राखण्याच्या सल्ल्याला एक अपवाद आहे. साध्या डेटाबेसचे एसक्यूसायफरसारख्या साधनाने कूटबद्ध डेटाबेसमध्ये स्थलांतर केले असेल, तर जुनी, कूटबद्ध नसलेली फाइल मागे ठेवण्याने सगळ्या खटाटोपाचा उद्देशच हरवतो. येथे पडताळणी होताच, त्याच वेळी, जुनी फाइल पुसावी. बॅकअपमध्ये तिची प्रत जात असेल, तर ते नावही बॅकअपच्या नियमांतून वगळावे. पुसण्याआधी फाइलवर शून्ये लिहिण्याची जुनी युक्ती फोनमध्ये भरवशाची नाही, कारण फ्लॅश मेमरी नवे लिखाण बहुधा वेगळ्या जागी करते आणि जुने ठोकळे काही काळ तसेच राहतात.

चाचणी

हा कोड नव्या फोनवर, नव्याने बसवलेल्या अ‍ॅपमध्ये नेहमी बरोबर चालतो, कारण तिथे पुसायला काही नसतेच. चाचणीसाठी जुन्या आवृत्त्यांची पॅकेजे जपून ठेवावी लागतात. जुनी आवृत्ती बसवावी, तिच्यात खऱ्यासारख्या नोंदी भराव्यात, आणि एडीबीच्या (संगणकावरून अँड्रॉइड फोनला आज्ञा देणाऱ्या साधनाच्या) ‘पुन्हा बसवा’ या पर्यायाने, म्हणजे डेटा न पुसता, तिच्यावर नवी चढवावी. लगतच्या आवृत्तीवरून एकदा आणि तीन-चार आवृत्त्या गाळून एकदा, असे दोन्ही करून पाहावे. ‘रन-अ‍ॅज’ आज्ञेने डीबग आवृत्तीचे डेटाबेसेस फोल्डर उघडता येते. तिथे पुसण्याआधी आणि नंतर कोणत्या फाइली आहेत, हे प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहावे. आयफोनसाठी एक्सकोड या ॲपलच्या साधनातील उपकरणांच्या खिडकीतून अ‍ॅपचा कंटेनर उतरवून घेता येतो.

त्यानंतर काम मध्येच तोडून पाहावे. स्थलांतर चालू असताना अ‍ॅप सक्तीने बंद करणे, खूण लिहिल्यावर पण पुसण्याआधी बंद करणे, मुख्य फाइल पुसल्यावर बंद करणे, अशा प्रत्येक ठिकाणी तोडून अ‍ॅप पुन्हा सुरू केल्यावर ते स्वतःहून मार्गावर येते का, हे पाहिल्याखेरीज चाचणी पुरी झाली असे म्हणू नये. सोयीसाठी चाचणीच्या आवृत्तीत प्रत्येक पायरीनंतर मुद्दाम काही सेकंद थांबण्याची व्यवस्था करावी. फोनची जागा जवळपास भरून एक फेरी, आणि जुन्या आवृत्तीचा बॅकअप नव्या आवृत्तीत आणून एक फेरी, एवढ्या दोन फेऱ्या शेवटी घ्याव्यात.

कोड प्रसिद्ध झाल्यावर काही महिन्यांनी कोणीतरी विचारते, की हा जुना कोड आता काढायचा का. स्थलांतराचा कोड जड असतो, जुन्या लायब्ररीला बांधून ठेवतो, आणि कधीतरी तो काढावाच लागतो. तो काढताना जुनी फाइल सापडली तर काय करायचे, हे मात्र लिहून ठेवावे लागते. फाइल कॅशची असेल तर सरळ पुसावी. वापरकर्त्याच्या नोंदींची असेल तर ती न पुसता, ‘या नोंदी नव्या आवृत्तीत उघडता येत नाहीत’ असे त्याला सांगून फाइल बाहेर काढून घेण्याची सोय द्यावी. पुसायच्या नावांची यादी तर कधीच काढू नये. तीन वर्षे कपाटात पडलेला फोन कोणी तरी चार्ज करतो, सगळी अपडेट एकदम उतरतात, आणि त्या दिवशी त्या यादीतले सर्वांत जुने नाव उपयोगी पडते.